नागपूरहून एका दिवसात जाऊन येता येईल असं शांत, निसर्गातलं धार्मिक ठिकाण कोणतं?

पवनार.

रामटेक, आदासा, धापेवाडा सगळं झालंय, सोबत सत्तरीतली आई आहे, रांगा आणि लाऊडस्पीकर नको आणि रात्री घरी परतायचंय, असं तुम्ही लिहिलंय. या चारही अटी एकत्र पाळणारं ठिकाण नागपूरच्या आसपास मला हे एकच दिसतं: वर्ध्याजवळचा विनोबा भावेंचा आश्रम. अंभोरा सुंदर आहे, पण नवा पूल झाल्यापासून तिथे सेल्फीवाल्यांची रीघ असते. माहुरझरीचं विपश्यना केंद्र शांत आहे खरं, पण तिथे दिवसभरासाठी सहज जाता येत नाही. आधी दहा दिवसांचं शिबिर करावं लागतं, एकदिवसीय शिबिरं जुन्या साधकांसाठीच असतात.

पवनारला मात्र एक अडचण आहे. चुकीच्या वेळी आणि चुकीच्या समजुतीने गेलात तर वीस मिनिटांत सगळं 'बघून' होतं आणि वर ऐकावं लागतं, "यासाठी एवढ्या लांब आणलं का?" त्यामुळे आधी ती जागा काय आहे ते सांगतो, मग वेळापत्रक.

धाम नदीच्या काठी एका टेकाडावर जमनालाल बजाजांचा बंगला होता. तब्येत पार ढासळल्यावर विनोबा भावे १९३८ च्या मार्चमध्ये तिथे राहायला आले. नदीवरचा पूल ओलांडताना त्यांनी 'संन्यस्तं मया' असं तीनदा म्हटलं, म्हणजे डोक्यातली सगळी कामं पुलाच्या अलीकडेच सोडली. व्यायाम म्हणून ते रोज थोडी जमीन खणायचे आणि त्या खणण्यातच जुनी शिल्पं सापडू लागली. त्यातल्या एका शिल्पात त्यांना भरत-रामाची भेट दिसली. गंमत अशी की धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गीतेवर बोलताना ते याच भरत-रामाच्या नात्याबद्दल बोलले होते. ती मूर्ती आता आश्रमातल्या मंदिरात आहे.

ही शिल्पं वाकाटकांच्या काळातली, म्हणजे साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पवनार हीच प्रवरसेन दुसरा याची राजधानी प्रवरपूर असं मांडलं होतं. पुढे रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासकांनी तो मान मनसरला दिला. शिल्पांमधले प्रसंग नेमके कुठले यावरही एकमत नाही. तुम्हाला मूर्तिकलेची थोडी जरी आवड असेल तरी ही शिल्पं घाईत बघू नका. काचेआड ठेवलेली नाहीत, म्हणून लोक त्यांना भिंतीचा भाग समजून पुढे जातात. आणि काचेआड नाहीत म्हणून हातही लावू नका. बोटांच्या तेलाने आणि घामाने दगड काळवंडतो.

पुढे १९५९ च्या मार्चमध्ये विनोबांनी इथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. स्त्रियांनी ब्रह्मचर्य, सामूहिक साधना आणि अंगमेहनत यांवर चालवायचा हा आश्रम. इथे कोणी महंत नाही, गादी नाही. निर्णय सर्वसहमतीने होतात. शेती, स्वयंपाक, झाडलोट सगळं त्या स्वतः करतात. 'मैत्री' नावाचं हिंदी मासिकही इथूनच निघतं. आता यातल्या बऱ्याच भगिनी वयस्कर आहेत. हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की तुम्ही देवळात नाही, कोणाच्या तरी घरी चालला आहात हे घरच्या सगळ्यांना गाडीत बसतानाच माहीत हवं. इथे अभिषेक, नारळ, प्रसादाची पावती, ओटी असलं काही नाही. आईला 'देवदर्शनाला जाऊ' एवढंच सांगून नेलंत तर त्यांचा हिरमोड होईल. त्यांच्यासाठी वाटेत केळझरचा गणपती घ्या, म्हणजे दोघांचंही समाधान.

आता वेळेचं गणित. सगळी सहल आश्रमाच्या प्रार्थनेभोवती बसवायची. पहाटे साडेचारला ईशावास्य उपनिषद, सकाळी साडेदहाच्या सुमारास विष्णुसहस्रनाम आणि संध्याकाळी गीतेतले स्थितप्रज्ञाचे श्लोक, असा इथला क्रम. नागपूरहून जाणाऱ्याला मधलंच जमतं. सहस्रनाम म्हणायला साधारण अर्धा तास लागतो. बाहेरच्यांनी मागे शांत बसलं तर कोणी हरकत घेत नाही, पाठ असेल तर सोबत म्हणा. मधेच उठू नका, आणि मोबाईल सायलेंटवर नाही, बंदच ठेवा. व्हायब्रेट होणारा फोनही फरशीवर ठेवला की खोलीभर ऐकू येतो. आल्या आल्या तिथे कोणी भेटलं की "आज सहस्रनाम किती वाजता?" एवढं विचारून घ्या, कारण काही विशेष दिवशी क्रम पुढेमागे होतो.

म्हणून नागपूरहून साडेसहाला निघा. सातला ठरवून साडेसातला निघालात की बुटीबोरीच्या एमआयडीसीची सकाळची शिफ्ट, कंपन्यांच्या बसेस आणि ट्रक हे सगळं एकदम अंगावर येतं आणि तिथेच अर्धा तास जातो. रस्ता सरळ आहे: वर्धा रोड, खापरी, बुटीबोरी, तिथून उजवीकडे वर्ध्याचा फाटा, मग सेलडोह, केळझर, सेलू आणि पवनार. बर्डीहून पवनार सत्तरेक किलोमीटर, न थांबता दीड ते पावणेदोन तास. समृद्धी महामार्गानेही जाता येतं. शिवमडक्याला चढायचं आणि येळाकेळीला उतरायचं. पण माझ्या मते जाताना जुनाच रस्ता धरा, कारण समृद्धीने गेलात की केळझर सुटतं, आणि वाचणारी पंधरा-वीस मिनिटं शिवमडक्यापर्यंत पोचण्यातच खर्च होतात. दुचाकीने जाणार असाल तर प्रश्नच नाही, समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे.

गाडी नसेल तर गणेशपेठ बसस्थानकावरून वर्ध्याच्या एसटी मिळतात. चढण्याआधी कंडक्टरला विचारा, "पवनारला थांबते का?" विनाथांबा गाडी सरळ वर्ध्यात सोडते आणि मग आठ किलोमीटर ऑटोने मागे यावं लागतं. रेल्वेने जायचं तर एक घोळ लक्षात ठेवा: वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. मुंबईकडच्या गाड्या वर्ध्याला थांबतात, बल्लारशाहकडे जाणाऱ्या सेवाग्रामला. आणि सेवाग्राम स्टेशनवर उतरलं म्हणजे आश्रमात पोचलं असं नाही, तिथूनही ऑटो लागतोच. ऑटो एकेका टप्प्याचा न करता पवनार, सेवाग्राम आणि परत स्टेशन असा थांबून राहण्यासह ठरवा. पवनारहून परतीचा रिकामा ऑटो भर दुपारी मिळणं कठीण.

नाश्ता बरोबर घ्या. शनिवार-रविवारी पहाटे तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर थांबायचा मोह नागपूरकराला आवरत नाही हे मान्य, पण सकाळी सहाला तर्री पिऊन सत्तरीतल्या माणसाला दीड तास गाडीत बसवणं म्हणजे सेलडोहला गाडी थांबवावीच लागणार. पोळी-चटणी, दशमी, केळी पुरेत. माणशी दोन लिटर पाणी, आणि त्यातली एक बाटली साखर-मीठ घातलेली.

केळझरला आठच्या आत पोचता. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी हा सिद्धिविनायक. गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, बकासुराचं गाव, अशी इथली आख्यायिका. मंदिर टेकडीवर आहे आणि बाजूला बोरच्या जंगलाचा पट्टा. सकाळच्या वेळी इथे मोर ओरडताना ऐकू येतात. पाऊण तास द्या, जास्त नको. चतुर्थी आणि मंगळवार मात्र टाळा, नाहीतर जिला कंटाळून निघालात तीच गर्दी इथे भेटेल. माकडं आहेत, म्हणून प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका.

नऊ-सव्वानऊला पवनार. गावातून थेट गाडी आश्रमाशी नेता येते. चपला बाहेर काढल्या की आत फरशी आणि माती दोन्हींवर अनवाणी चालावं लागतं. मार्चपासून पुढे अकरा वाजताच फरशी तापते, म्हणून आईसाठी सुती मोजे ठेवा. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे, पण पाय भाजल्यावर माणूस शिल्पं बघत नाही, सावली शोधतो.

आत गेल्यावर आधी भरत-रामाचं मंदिर, मग भोवतीची शिल्पं, मग विनोबांची खोली. खोलीत बघण्यासारखं फारसं काही नाही, आणि तेच बघायचं असतं. त्यानंतर समाधी. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये अन्न, पाणी आणि औषध तिन्ही थांबवून विनोबांनी १५ तारखेला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. समाधी साधी आहे. हार-फुलांचा बाजार नाही. इथल्या झाडांखाली बसायची सवलत सगळ्यांना आहे, तिचा वापर करा. दहा मिनिटं कोणी काही बोलायचं नाही एवढं ठरवून बसलात तर खालून नदीचा आवाज येतो आणि पुलावरच्या ट्रकचाही. हो, ट्रकचाही. महामार्ग जवळ आहे, हिमालयातली नीरवता इथे मिळणार नाही. पण वीसेक मिनिटांनी ट्रक ऐकू येईनासे होतात आणि होले, भारद्वाज, शेतातल्या बैलाच्या घुंगराचा आवाज वर येतो.

फोटो विचारून काढा. भगिनींचे, त्यांच्या कामाचे, प्रार्थनेचे तर विचारूनही न काढलेले बरे. त्यांच्याशी बोलायचं असेल तर काम संपल्यावर बोला. सहसा मोकळेपणाने बोलतात, मराठी आणि हिंदी दोन्ही चालतं. "तुम्ही लग्न का केलं नाही?" हा प्रश्न त्यांनी आयुष्यात हजार वेळा ऐकलाय, तुम्ही विचारू नका. पुस्तकांच्या विक्रीच्या जागी 'गीताई'ची, म्हणजे विनोबांनी मराठीत आणलेल्या गीतेची, खिशात मावणारी प्रत मिळते. सहस्रनामाला बसण्याआधी नाही, नंतर घ्या.

आता नदी, आणि इथे जरा सविस्तर लिहितो, कारण पवनारला दुर्घटना होतात त्या नदीतच.

धामचं पात्र काळ्या बेसॉल्ट खडकाचं आहे. पाण्याने खडकात रांजणासारखे खळगे पडलेत. वरून बघताना गुडघाभर पाणी दिसतं, पुढच्या पावलाला डोह असतो. पाणी ओसरलं की खडकांवर शेवाळाचा पातळ थर राहतो. तो वाळला की खडकाच्याच रंगाचा दिसतो आणि पुन्हा ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो. वरच्या अंगाला महाकाळीचं धरण आहे. तिथून पाणी सोडलं तर पवनारला थेंबभर पाऊस नसतानाही पात्र भरतं. म्हणून तीन नियम: पाण्यात उतरायचं नाही, खडकांवर चप्पल घालून जायचं नाही, आणि जुलै ते सप्टेंबर घाटाच्या खालच्या पायरीवरही उभं राहायचं नाही. पोहता येतं म्हणणाऱ्यालाच जास्त सांगावं लागतं, कारण खळग्यात पाय अडकला की पोहणं कामाला येत नाही.

पात्रात गांधीजींच्या अस्थिविसर्जनाची जागा आहे. १२ फेब्रुवारी १९४८ ला विनोबांनी इथे अस्थी विसर्जित केल्या, तिथे छत्री उभी आहे. पाणी कमी असताना तिथवर जाता येतं. पाणी चढलं की काठावरूनच हात जोडा. आईला घाटावरच्या सावलीत बसवलंत तरी छत्री नीट दिसते, तेवढं पुरेसं आहे.

रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर याच काठावर डबा पार्ट्या आणि ब्लूटूथ स्पीकर येतात. आश्रम शांत असतो, काठ नसतो. म्हणून शक्यतो बुधवार-गुरुवारी जा. रविवारच मिळत असेल तर बारा वाजेस्तोवर नदी उरकून घ्या. गणेश-दुर्गा विसर्जन आणि छठपूजेचे दिवस सोडून द्या. १२ फेब्रुवारीला मेळा असतो आणि नोव्हेंबरच्या मध्यात मित्र-मिलन, तेव्हा देशभरातून सर्वोदयी मंडळी येतात. विचारांची आवड असेल तर ते दिवस उत्तम, एकांत हवा असेल तर नाही.

सव्वाअकरा-साडेअकराला पवनार सोडा. जेवायला सेवाग्राम, आठ-दहा किलोमीटरवर. आश्रमाच्या परिसरात साधं शाकाहारी जेवण मिळतं: भाकरी किंवा पोळी, भाजी, वरण, ताक. सावजी खाणाऱ्या जिभेला ते फिकं लागेल. सोबत लोणच्याची बाटली काढायची नाही असं मी म्हणणार नाही, पण एका जेवणाने कोणाचं वजन घटत नाही. गर्दीच्या दिवशी उशीर झाला तर जेवण संपतं, म्हणून साडेबाराच्या आत पोचा. आणि हो, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. गाडीत कोणाची 'उरलेली' बाटली नाही ना, ते नागपूरलाच बघून घ्या.

सेवाग्रामबद्दल थोडक्यात. गांधीजी १९३६ साली इथे आले. तेव्हा गावाचं नाव सेगाव, पण पत्रं शेगावला जायची म्हणून १९४० मध्ये ते बदललं. आधी गांधीजींचं इथलं पहिलं घर आदि निवास बघा, मग बा-कुटी, मग बापू-कुटी. ही कुटी मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची. मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, शेणाने सारवलेली जमीन. भर उन्हाळ्यात बाहेर झळा असताना आत गेलं की फरक अंगाला कळतो. जाड मातीची भिंत तापायला आणि निवायला वेळ घेते आणि कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. कूलरशिवाय न जगणाऱ्या आपल्यासारख्यांनी तिथे पाच मिनिटं उभं राहून छपराकडे बघावं. मग झाडाखाली तासभर आडवं व्हा. इथे आईला खरी विश्रांती मिळते, आणि ती वेळापत्रकात लिहून ठेवली नाही तर कोणीतरी उठून "चला, अजून एक ठिकाण करू" म्हणतंच.

चारनंतर ऊन उतरलं की दोन पर्याय. एक, वर्ध्यातल्या गोपुरीचं गीताई मंदिर आणि त्याच्या बाजूचा विश्वशांती स्तूप. गीताई मंदिराला छप्पर नाही, मूर्ती नाही. दगडी शिलांवर अठराही अध्याय कोरलेत आणि चालत चालत वाचायचे. भरदुपारी त्या शिलांमधून भट्टीसारखी झळ येते, म्हणूनच चारनंतर. वाचताना आईचे पाय दुखतील. बारावा अध्याय गाठून परत फिरलात तरी चालेल. स्तूप जपानी बौद्ध भिक्षू फुजी गुरुजींच्या प्रेरणेने उभा राहिला. दुसरा पर्याय म्हणजे कुठेही न जाता सेवाग्राममध्येच थांबून संध्याकाळी सहाची प्रार्थना. ती पिंपळाखाली उघड्यावर होते. दोन्ही करायला बसलात की दोन्ही अर्धवट होतात. मी दुसरा निवडेन. आई गीताई म्हणत असतील तर पहिला.

वर्ध्यात शिरलातच तर गोरस भांडारातून गोरसपाक घ्या. गाईच्या तुपातली, खुसखुशीत बिस्किटं. उन्हात गाडीत ठेवली की तूप सुटतं, म्हणून परतीच्या वाटेवरच घ्यायची.

प्रार्थनेनंतर निघालात तर साडेआठच्या आसपास नागपूर. अंधारात सेलू-केळझर पट्ट्यात रस्त्यावर रानडुकरं आणि मोकाट गुरं येतात, वेग साठच्या खाली ठेवा. परतीला समृद्धी चालेल, आता केळझरचं कारण उरलेलं नाही.

ऋतूचं सांगायचं तर ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. नदीला पाणी असतं, खडक उघडे पडलेले असतात, शेतात तूर आणि कापूस उभा असतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी काठावर बोचरी थंडी असते, आईची शाल विसरू नका. ऑगस्टमध्ये हिरवाई डोळ्यांत भरते पण नदी लांबूनच बघायची. एप्रिल-मे नको. आणि मेअखेरच्या नवतप्यात तर कोणी फुकट नेतो म्हटलं तरी नको. त्या नऊ दिवसांत नागपूर-वर्ध्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि पवनारचं पाणीही आटून खळग्यांपुरतं उरतं.

खर्चाला फारसं काही लागत नाही. आश्रमात तिकीट नाही, दक्षिणा मागत नाहीत. काही द्यावंसं वाटलं तर पुस्तक घ्या किंवा 'मैत्री'ची वर्गणी भरा. फळांची टोपली, मिठाईचे बॉक्स नेऊ नका. तिथलं खाणं ठरलेलं असतं, आणि तुमच्या मिठाईचं काय करायचं हे एक काम त्यांच्या मागे लागतं.